काकांच्या रक्ताचं माप

४ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा तुम्ही इथून घरी गेलात आणि मागोमाग आमच्या प्रयोगशाळेतलं स्टूल दुरुस्तीला गेलं. बोटाला सुई टोचली म्हणून माणूस स्टुलासकट आडवा होतो, हे मी दहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा पाहिलं. आमच्या शिपाईदादांनी तुमच्या तोंडावर पाणी मारलं, तुम्ही डोळे उघडले आणि पहिलं काय सांगितलंत, तर इथल्या तराजूवरचा शिक्का गेल्या वर्षीचा आहे. काका, वजनमापं तपासायच्या नोकरीतून निवृत्त होऊन तुम्हाला सहा वर्षं झाली.

तुमचा तो एक थेंब मात्र वाया गेला नाही. टीबीसारखा घर करून बसणारा आजार किती बळावलाय, हे रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरून ताडता येतं का, हा आमचा अभ्यास. तुमच्याच भाषेत सांगते. तराजू समजा. एका पारड्यात लिम्फोसाइट नावाच्या पेशी, म्हणजे शत्रूला ओळखून लढणारे जुने शिपाई. दुसऱ्यात मोनोसाइट, म्हणजे दिसेल ते गिळायला धावणारी खोगीरभरती. धडधाकट माणसात एका मोनोसाइटमागे चार-पाच लिम्फोसाइट असतात. आजार वाढला की जुने शिपाई घटतात, खोगीरभरती वाढते आणि पारडं फिरतं. तुमच्या काचपट्टीवर मी शंभर पेशी मोजल्या. चौदा लिम्फोसाइट, बारा मोनोसाइट. ही बरोबरी चांगली नव्हे.

औषध ठरणार ते दवाखान्यातल्या थुंकीच्या तपासणीवर आणि छातीच्या फोटोवरच. आमची काचपट्टी अभ्यासापुरती. पण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी पारडं सावरतं का, ते मला बघायचंय, आणि नुसतं अभ्यासासाठी नाही. याच आजाराने बाबा गेले तेव्हा मला काहीच मोजता येत नव्हतं. म्हणून दर महिन्याला रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून, वाळवून पोस्टाने पाठवा. काकूने तीस वर्षं नर्सची नोकरी केलीय, तिला सांगायला नकोच. आमच्या वहीत तुमचा नंबर एक्केचाळीस.

कळावे. राग धरू नये, गोळ्या धराव्यात.

आपली,
भिंगरी


७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत एक्केचाळीस नंबरची काचपट्टी पाठवत आहे. दोन पुठ्ठे, मध्ये कापूस, वर दोरा आणि दोऱ्यावर लाख. जप्त केलेल्या मापांचाही इतका बंदोबस्त मी कधी केला नव्हता.

स्टुलाबद्दल एवढंच सांगतो की त्याचा एक पाय आखूड होता. हे मी पडता पडता पाहिलं. माणूस पडला की सुईमुळेच पडला असं लगेच ठरवू नये, आधी चौकशी करावी.

इथे पहिल्या दिवशी काकूच्या हातात सुई बघून मी जरा डगमगलो आणि काचेच्या कपाटाचा आधार घेतला. कपाट आधार देण्याच्या लायकीचं नव्हतं. सहा पेले गेले. दुसऱ्या दिवशी तिने मला खुर्चीत बसवलं, डोळे घट्ट मिटायला लावले आणि एकोणतीसचा पाढा म्हणायला सांगितलं. मी एकोणतीस चोकपर्यंत पोचलो नाही तोच बोटाला कापूस बांधूनसुद्धा झाला. टोचल्याचं कळलंही नाही, नखाने चिमटा काढावा तेवढंच. तुमच्याकडची मंडळी सुई टोचत नाहीत, खिळा ठोकतात. काकूच्या हाताला जी सफाई आहे ती यायला तीस वर्षं लागतात. मी तिला तसं म्हटलं तर तिला हसू आवरेना, हसता हसता खोकला लागला, आणि तो अजून गेलेला नाही. नवऱ्याला हसलं की असंच होतं.

बाकी सगळं तू सांगितल्याप्रमाणे. मी पुढच्या खोलीत, खिडक्या उघड्या, तोंडावर रुमाल. तराजू मला पसंत पडला. फक्त शंभर पेशींचं माप मला अपुरं वाटतं. मी एकेक काटा तीन-तीनदा तपासत असे, म्हणून दुकानदार मला बघितल्यावर दुकानाला कुलूप लावून जेवायला जात.

कळावे. लोभ पूर्वीइतकाच ठेव, मोजायची गरज नाही.

तुझा,
काका


१६ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

काका, पारडं जाग्यावर आलं. चौतीस लिम्फोसाइट आणि सहा मोनोसाइट. मी चष्मा पुसून पुन्हा मोजले, तरी तेच. एवढा फरक पडायला लोकांना पाच-सहा महिने लागतात, तुम्ही एका महिन्यात करून दाखवलात. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई कधी कुणाचं कौतुक करत नाहीत, त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाच मिनिटं तुमचं रक्त पाहिलं आणि एक्केचाळीस नंबरला भेटायला आवडेल असं म्हणाल्या. पुढच्या सभेत त्या तुमची काचपट्टी पडद्यावर दाखवणार आहेत. घराण्यातलं आजवर कुणी पडद्यावर गेलं नव्हतं.

मला किती बरं वाटलं ते लिहून कळणार नाही. दुपारी डबा खाताना उगीचच रडू आलं. शिपाईदादांना वाटलं डबा तिखट आहे.

पण एक बजावून ठेवते. बरं वाटायला लागलं की लोक गोळ्या सोडतात, आणि मग आजार दुप्पट माजून परत येतो. सहा महिने म्हणजे सहा महिने. काकूचा खोकला कसा आहे?

कळावे. लोभ आहेच, गर्व नसावा.

आपली,
भिंगरी


५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गर्व नसावा हे तुझं शेवटचं वाक्य मी उशिरा वाचलं. तोपर्यंत मी वाचनालयाच्या दारात उभा राहून चौतीस आणि सहा हे आकडे सतरा जणांना सांगून मोकळा झालो होतो. आत जायला अजून मनाई आहे, म्हणून दारातून सांगितलं, त्यामुळे रस्त्यावरच्यांनाही कळलं. न्हाव्याने विचारलं की हे आकडे चांगले की वाईट. मी म्हटलं, अरे, डॉक्टरीणबाई भेटायला मागताहेत.

काकूला मात्र या यशाचं काही नाही. तुझं पत्र वाचून दाखवलं तर आधी हसली, मग उठून आत गेली. अलीकडे दुपारी तीन-तीन तास पडून असते. आमच्या न्हाणीघरातला वजनकाटाही बिघडलाय. तिचं वजन अडीच किलो कमी दाखवतो. मी काटा उघडला, स्प्रिंग बदलली, पाच किलोच्या वजनांनी ताडून पाहिलं, तरी तिच्या बाबतीत अडीच कमीच. माणसाच्या वजनाला वेगळं आणि लोखंडाच्या वजनाला वेगळं बोलणारा काटा मी नोकरीत कधी पाहिला नाही. भंगारात देणार आहे.

गोळ्यांविषयी तू लिहिलंस ते वाचलं.

एप्रिलची काचपट्टी सोबत आहे. या खेपेला एकोणतीस त्रिकच्या आतच काम झालं. आता मला सुईची भीती म्हणून राहिलेली नाही.

कळावे. वाचनालयातल्या सर्वांनी तुला आशीर्वाद सांगितले आहेत.

तुझा,
काका


१५ एप्रिल

ती. काका आणि ती. सौ. काकू यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोघांनी मिळून वाचा. काचपट्टी मोजली. एकोणीस लिम्फोसाइट, तेरा मोनोसाइट. पारडं परत फिरलंय.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, गोळ्या लागू पडेनाशा झाल्या असतील तर तसं तपासावं लागेल, आणि मग काकांना इथे भरती करून दोन-दोन वर्षांचं औषध. दवाखान्यातल्या थुंकीच्या तपासणीत काही निघालेलं नाही, म्हणून त्या थांबल्यात. काका, गोळ्या रोज पोटात जातात ना? मला रागावायचं नाहीये, मला भीती वाटतेय. खरं काय ते कळवा.

कळावे. लगेच कळवावे.

भिंगरी


१९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. काकू बाजारात गेली आहे तेवढ्यात लिहितो.

दोष माझा आहे. काटा एकदा बरोबर निघाला की निरीक्षक शिक्का मारून घरी जातो, रोज रोज तपासत बसत नाही, असा मी विचार केला. तुझा चौतीसचा आकडा आल्यापासून अधूनमधून, मिळून नऊ दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. काकू समोर उभी राहून गिळायला लावते. मी जिभेखाली धरत होतो आणि मग रुमालात. लोखंडी वजनाच्या बुडाशी शिसं ओतायला पोकळी असते. लबाड दुकानदार त्यातलं शिसं काढून वजन हलकं करतात. असे शेकडो लोक मी पकडले. आणि माझ्या पाच किलोच्या दोन वजनांच्या पोकळीत आता सत्तावीस गोळ्या आहेत.

तू रडलीस ते पत्र मी पुन्हा काढून वाचलं. कालपासून गोळ्या नीट घेतो आहे, जीभ वर करून काकूला दाखवतो. तिला संशय आला आहे, पण अजून वजनं उलटी करून पाहिलेली नाहीत. दोन वर्षांचं औषध आलं तर मी घेईन. भरती कर म्हणालीस तर तेही. तिला मात्र कळवू नकोस, ती आधीच सुकली आहे.

कळावे. लोभाला पात्र नाही, तरी असू दे.

तुझा,
काका


२४ एप्रिल

ती. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

काकू, एक विचित्र गोष्ट झालीय. तुलाच विचारते, कारण काकांना विचारलं तर ते कपाटाचा आधार घेतील.

गोळ्या चुकल्यामुळे पेशींत आणखी काही फरक दिसतो का, म्हणून मी काकांच्या तिन्ही काचपट्ट्या पुन्हा काढल्या. शंभर अपुऱ्या म्हणाले होते, म्हणून पाचशे-पाचशे पेशी मोजल्या. गोळ्या चुकल्या हे मला कसं कळलं ते विचारू नकोस. फार तर घरातली वजनं उलटी करून बघ.

तर त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या काही पेशींच्या केंद्रकाला, म्हणजे मधल्या गडद ठिपक्याला, बारीक दांडी दिसली, आणि दांडीच्या टोकाला गाठ. बँडातल्या ढोलाची टिपरी असते ना, हुबेहूब तशी. अशी टिपरी शंभरात दोन-तीन पेशींत असते, आणि ती फक्त बायकांच्या रक्तात. पुरुषाच्या रक्तात दिवा लावून शोधली तरी सापडत नाही. फेब्रुवारीच्या काचपट्टीत एकही नाही. मार्चच्या काचपट्टीत अकरा, एप्रिलच्या काचपट्टीत बारा. म्हणजे काका मार्च महिन्यापासून बाई आहेत, आणि बाईची प्रकृती बिघडतेय.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. काचपट्ट्यांची अदलाबदल झाली असणार, असं त्या म्हणाल्या. माझ्याच हातून झाली असणार. म्हणजे काकांचं रक्त भलत्याच बाईच्या नावावर आणि त्या बाईचं काकांच्या नावावर. दोन दिवस मी अभ्यासातल्या सव्वीस बायकांच्या काचपट्ट्या उपसतेय. चूक सापडली नाही तर मला या कामावरून काढतील, आणि ते बरोबरच होईल. काचपट्टीवर नंबर तू स्वतः घालतेस ना? दवाखान्यात कुणाच्या हातात देत नाहीस ना? आठवून लिही.

कळावे. डोकं चालेनासं झालंय.

तुझी,
भिंगरी


२८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सव्वीस बायकांच्या काचपट्ट्या परत ठेव. सत्ताविसावी बाई मी आहे.

पेले फुटले त्या दिवशी ठरवलं की या माणसाला सुई टोचायची नाही. डोकं फुटलं असतं तर ते कोण शिवणार होतं, मीच ना. डोळे मिटायला लावले, नखाने चिमटा काढला, कापूस बांधला आणि थेंब माझ्या बोटाचा दिला. तू म्हणाली होतीस, अभ्यासापुरतंच आहे, औषध त्यावर ठरत नाही. मला वाटलं, शाळेत वह्या भरून द्यायच्या असतात तशा तुला काचपट्ट्या भरून हव्यात. मी काही तुझ्या रक्ताची नाही, पण घरचं रक्त आहे, चालून जाईल. तीस वर्षं नर्स होते आणि एवढी अक्कल चालली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

चौतीसचा आकडा आला आणि हे दारोदार सांगत सुटले तेव्हाच बोलायला हवं होतं. पण इतके खूश मी त्यांना वर्षभरात पाहिले नव्हते. वजनंही उलटी करून पाहिली. माझ्या खोट्यामुळे त्यांनी गोळ्या सोडल्या, हे मला फार लागलं. त्यांना काय बोलायचं ते मी बोलले. मग माझंही सगळं सांगितलं. मापात फसवलं गेल्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग.

तर तू कामाची चिंता करू नकोस, डॉक्टरीणबाईंना हे पत्र दाखव. आणि तो वाईट आकडा ह्यांचा नाहीच, माझा आहे, तेव्हा काळजीचं काही कारण उरलं नाही. मला तेवढा संध्याकाळचा बारीक ताप येतो, तो उन्हाचा असेल.

कळावे. रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
काकू


१ मे

ती. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

वाईट आकडा माझा आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही, हे तुझं वाक्य मी पाच वेळा वाचलं. काकू, तूही एकदा मोठ्याने वाच. मग सात मार्चपासूनचा खोकला, अडीच किलो आणि संध्याकाळचा ताप बोटांवर मोज. काटा बिघडलेला नाही. काकांना सांग, तो भंगारात देऊ नका.

पेशींच्या आकड्यावरून आजार आहेच असं म्हणता येत नाही, म्हणून छातीचा फोटो काढायचाय. हे पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने दोघं या. काकांचीही खरी काचपट्टी करू, त्यांचं पारडं कुठे आहे हे फेब्रुवारीपासून कुणालाच ठाऊक नाही. स्टूल दुरुस्त होऊन आलंय.

आणि तू माझ्या रक्ताची नाहीस, हे पुन्हा लिहायचं नाही. तुझ्या हजार पेशी मी एकेक करून पाहिल्यात. इतक्या जवळून मी कुणालाच पाहिलेलं नाही, आणि तरी मला कळलं नाही की तू आजारी आहेस.

कळावे नको, निघावे.

तुझी,
भिंगरी


२६ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडून येऊन दीड महिना झाला. ताप गेला, खोकला रात्रीपुरता उरलाय, वजन एक किलो वाढलं. ह्यांनी त्या काट्याची रीतसर माफी मागितली. फोटोतला डाग लहान होता, वेळेवर सापडला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते मी रोज एकदा मनात म्हणते. ह्यांचा खरा आकडा अठ्ठावीस आणि आठ आला, नऊ दिवसांची लबाडी धरूनसुद्धा सावरताहेत, हेही म्हणते. वाचनालयात मात्र ह्यांनी कुणाला आकडे सांगितले नाहीत. न्हाव्याने विचारलं तर चौतीस बायकोचे होते म्हणून मोकळे झाले.

आता सकाळी आम्ही समोरासमोर बसून गोळ्या घेतो, आणि मग दोघंही जीभ वर करून दाखवतो. या वयात नवरा-बायकोने एकमेकांना जीभ दाखवत बसावं, हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल, म्हणून दार लावून घेते. दूधवाल्याने एकदा पाहिलंच.

सोबत दोन काचपट्ट्या आहेत. एक ह्यांची एक्केचाळीस नंबरची, ती मी केली. डोळे उघडे ठेवा म्हटलं, उघडे ठेवले. पडले नाहीत, फक्त पांढरे झाले. दुसरी माझी, त्रेसष्ट नंबरची. ती मीच करणार होते, पण ह्यांनी सुई काढून घेतली. या घरात आता कुणीही स्वतःचं रक्त स्वतः काढायचं नाही, एवढंच म्हणाले. दोनदा टोचून थेंब आला नाही, तिसऱ्यांदा आला. काचपट्टी जराशी जाड झालीय, सांभाळून घे.

मी हजारो लोकांची बोटं धरली असतील, माझं बोट असं आजवर कुणी धरलं नव्हतं. थेंब पडला, कापूस बांधून झाला, काचपट्टी वाळलीसुद्धा, तरी ह्यांनी बोट सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही. म्हणून टपालाची वेळ चुकली आणि हे पत्र एक दिवस उशिरा निघतंय.

कळावे. लोभ दोघांनाही सारखाच वाटून दे.

तुझी,
काकू